अर्धा हत्ती, अर्धा पोपट

सर्जापूर रोडवर आमच्या वळणाशी एक पाटी आहे. काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, असं कानडीत आणि इंग्रजीत लिहिलेली. मी इथे राहायला आलो तेव्हा ती होती, आणि आजही आहे. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, मग अरुंद झाला, कडेचं तळं गेलं आणि त्या तळ्याच्या नावाची सोसायटी उभी राहिली. पाटी जागेवर. उन्हाने तिचा रंग उडाला तेव्हा कुणीतरी येऊन ती नव्याने रंगवून गेलं. तात्पुरत्या गोष्टीची इतकी कायमची निगा मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

परवा संध्याकाळी त्या पाटीखाली आमची गाडी अडकली. जानेवारी नुकताच लागला होता. बंगळुरूचा जानेवारी म्हणजे सकाळी स्वेटर, दुपारी पंखा आणि संध्याकाळी स्वेटर कुठे ठेवला याचा शोध. कडेला आनेकलकडून आलेला एक टेम्पो उभा होता. त्यात उसाच्या मोळ्या, आणि खाली ताडपत्रीवर अवरेकाईचा ढीग. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याचा इकडचा भाऊ, पण घरात जरा जास्त लाड झालेला. या दिवसांत बंगळुरूची माणसं त्याला उपम्यात, आमटीत, भातात, डोशात, जिथे जागा मिळेल तिथे घालतात. दव पडलं की शेंगांना एक तेलकट, हिरवा, किंचित उग्र वास सुटतो. तो काचेतून आत आला.

"काच लाव," माझी बायको मेधा म्हणाली.

"वास येतोय बघ."

"म्हणूनच म्हणतेय."

मी काच लावली. वास आतच राहिला, कारण तो आधीच आत आला होता. गाडी काही हलत नव्हती. अशा वेळी माणसाने फोन बघावा. मी चामराजपेटेतला एक जानेवारी बघत बसलो.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि मी चामराजपेटेत एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खाली घरमालक, अण्णा आणि अक्का. अण्णा यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तयार भागांची मापं तपासण्याच्या कामावरून निवृत्त झालेले, अक्का टेलिफोन खात्यातून. अख्खी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायची, म्हणून मी पुण्याहून आलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने ते बहीणभाऊ आहेत असं धरून चाललो. पहिल्याच आठवड्यात अक्कांना सांगितलं, "तुमच्या भावाकडे किल्ली ठेवलीय." अक्का आत गेल्या. मग स्वयंपाकघरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस माझी किल्ली देताना ते म्हणायचे, "घे. तिच्या भावाने सांभाळली."

घराणं मराठी, पण शेकडो वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरलेलं. कुणा पूर्वजाने घोडा इकडे वळवला आणि मग परत वळवायचा राहून गेला. त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'पुरे'साठी 'साकु' इतके मुरलेले होते, की हे शब्द कानडी आहेत हे अक्कांना मान्य नव्हतं. "कानडी लोकांनी आमच्याकडून घेतले असतील," असं त्या म्हणायच्या. मी वाद घालत नसे. त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो आणि त्यांच्याकडेच जेवत होतो.

माझी नोकरी कोरमंगल्यात. तिथे माझं काम म्हणजे लोकांची बदलाची भीती घालवणं. एखाद्या विभागात नवी यंत्रणा आली, जुने साहेब गेले, बसायच्या जागा हलल्या, की मला तिकडे पाठवायचे. मी पडद्यावर चित्रं दाखवायचो. सुरवंट, मग फुलपाखरू. नदी. पानं गळालेलं झाड आणि तेच झाड पालवी फुटलेलं. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचो, "सगळं बदलतं. बदलणं तेवढं कायम राहतं." लोक टाळ्या वाजवायचे, कारण यानंतर जेवण असायचं. ही चित्रं मी नोकरीला लागल्यापासून एकदाही बदलली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

तर त्या जानेवारीतली एक रविवारची सकाळ. अक्का जेवणाच्या टेबलाशी बसून भिजवलेल्या अवरेकाईचे दाणे चिमटत होत्या. दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली डाळ टुण्णकन उडी मारते. या डाळीची आमटी ज्याने खाल्ली नाही त्याने हिवाळा नुसता अंगावर काढला असं समजावं. मी मदतीला बसलो होतो. माझी मदत अशी, की अक्कांची डाळ पातेल्यात पडत होती आणि माझी अण्णांच्या वर्तमानपत्रावर, एकदा थेट चष्म्यावर.

"हौदा? असं का?" अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "नेम धरून मारतोस का आपोआप होतं?"

अक्कांनी हात थांबवला. "श्रीपाद, तू सांग. यंदा अच्चे करू की नको?"

अच्चे म्हणजे साखरेची चित्रं. आपल्या पाडव्याच्या गाठीची ही थाटमाट असलेली बहीण. साखरेचा पाक लाकडी साच्यात ओतायचा, घट्ट झाला की साचा उघडायचा. आतून पांढराशुभ्र हत्ती निघतो, पोपट निघतो, कलश निघतो, रथ निघतो. संक्रांतीला इकडे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं यांचं मिश्रण, उसाचा तुकडा, केळं आणि हे अच्चे असं ताट घेऊन बायका आणि मुली घरोघर जातात. अक्कांकडे त्यांच्या सासूबाईंचे सागवानी साचे होते. प्रत्येकाचे दोन भाग, दोरीने एकमेकांना बांधलेले. गल्लीत बाकी सगळे अच्चे दुकानातून आणायचे. घरी करणाऱ्या अक्का एकट्याच उरल्या होत्या.

"नको का? दरवर्षी करता की," मी म्हटलं.

"मागच्या वर्षी काय झालं तुला ठाऊक नाही. गल्लीभर माझी ताटं गेली. मग कोपऱ्यावरच्या घरातून आमच्याकडे ताट आलं. झाकण काढून बघते, तर माझाच हत्ती."

"तुमचाच कशावरून?"

"अय्यो, माझ्या हत्तीच्या साच्याला पोटाशी चीर गेलीय. प्रत्येक हत्तीच्या पोटावर रेघ उमटते. इतकी वर्षं ओततेय, माझा हत्ती मी ओळखणार नाही?"

म्हणजे तो हत्ती या घरातून त्या घरात, त्या घरातून पुढच्या घरात असा गल्ली फिरून माघारी आला होता. वाटेत त्याला कुणी चाटलंसुद्धा नव्हतं.

"सगळ्यांना शुगर," अक्का म्हणाल्या. "पोरांना चॉकलेट पाहिजे. पाकाचं पातेलं उचलताना माझं मनगट आता ऐकत नाही. मग करू कशाला? कोरमंगल्यात कुणीतरी हॉटेल काढतायत. भिंतीवर लावायला जुन्या वस्तू मागत होते. संक्रांत झाली की साचे देऊन टाकावे म्हणते."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने "करा हो अक्का, मी मदत करतो" असं म्हटलं असतं. माझ्या तोंडात सुरवंट आला. सुरवंटामागून फुलपाखरू आलं, नदी आली, पालवी आली, आणि हातातला दाणा खाली ठेवून, आवाज खाली आणून मी म्हणालो, "अक्का, सगळं बदलतं. बदलणं तेवढं कायम राहतं."

टाळ्या वाजल्या नाहीत. अक्कांनी हात पुसले.

"म्हणजे थांबायचं."

"नाही, म्हणजे... थांबणं हाही एक बदलच की."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या माणसाला विचारलं ते बरं झालं." आणि पुन्हा दाणे चिमटू लागल्या. अण्णांचा पेपर तेवढा हळूहळू खाली आला. त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी चुकलंय.

दुपारी अण्णा जिना चढून गच्चीवर आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नसत, म्हणजे मामला गंभीर होता.

"काय बोललास तिला?"

"काही नाही हो, सहज बोललो."

"सहज बोलायचा तुला पगार मिळतो ना? मग तिकडे ऑफिसात बोल. माझ्या घरात कशाला?"

"पण अण्णा, तुम्हाला तर साखर बंद आहे. तुम्ही कुठे खाता अच्चे?"

"खाण्याचा काय संबंध?" अण्णा पाण्याच्या टाकीला टेकले. समोरच्या गुलाबी फुलांनी भरलेल्या झाडाकडे बघत म्हणाले, "लग्न झाल्यापासून ती ओतते आणि मी साचा धरतो. स्वयंपाकघरात तिला मी चालतो असा वर्षातला तेवढा एक दिवस. एरवी मी पाणी प्यायला गेलो तरी हाकलते." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तू बोललास, तूच निस्तर. साचे त्या हॉटेलात गेले तर तू पण तिकडेच राहायला जा."

निस्तरण्यासाठी मी जे केलं ते त्याहून वाईट. मी विचार केला. त्यापूर्वी मी माझ्या त्या वाक्याचा कधी विचार केला नव्हता, ते फक्त म्हणत होतो. संध्याकाळभर गच्चीवर येरझाऱ्या घातल्यावर त्यातली फट मला दिसली आणि नव्या शोधाच्या आनंदात मी खाली धावलो.

"अक्का, माझं चुकलं. ते वाक्य बरोबर नाही. बघा हं, सगळं बदलतं असं म्हटलं, तर 'सगळं बदलतं' हा नियमही बदलायला हवा की नाही? तो बदलला तर काहीतरी न बदलता राहील. आणि नियम बदलत नसेल, तर एक गोष्ट न बदलणारी निघालीच. म्हणजे कसंही धरलं तरी जगात काहीतरी तसंच राहतं."

अक्का भाजी निवडत होत्या. "म्हणजे सकाळी खोटं बोललास?"

"खोटं नाही, अर्धवट."

"आणि आता पूर्ण झालं?"

"बहुतेक."

"उद्या अजून काही सुचलं तर?"

अक्कांनी एक कुजकं पान बाजूला टाकलं. "सकाळी एक म्हणालास, संध्याकाळी उलटं म्हणतोस. म्हणजे सकाळचंच खरं. माणूससुद्धा बदलतो. साकु. मी अच्चे करणार नाही."

माझ्या युक्तिवादाने माझ्या पहिल्या वाक्याला पुरावा पुरवला होता. अण्णांनी सोफ्यावरून माझ्याकडे जे बघितलं, ते मापात न बसलेल्या भागाकडे बघतात तसं.

आज इतक्या वर्षांनी, गाडी पहिल्या गियरमध्ये रांगत असताना, मी त्या प्रश्नाकडे पुन्हा पाहतो. तो सुटलेला नाही. मला वाटतं बदल ही काही वस्तू नाही, म्हणून ती टिकते किंवा जाते असं म्हणता येत नसावं. मग वाटतं, असं म्हणणं म्हणजे गणित अवघड गेलं की प्रश्नच चुकलाय म्हणण्यासारखं आहे. मध्यंतरी माझीच कंपनी बदलली आणि नव्या कंपनीत एक तरुण मुलगा आम्हाला बदलाची भीती घालवायला आला. त्याच्याकडेही सुरवंट होता. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. खाली जेवण होतं.

अण्णांचं या विषयावर वेगळं मत होतं, आणि ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहा देताना सांगितलं. कारखान्यात म्हणे एक मूळ पट्टी असायची. थंड खोलीत, पेटीत ठेवलेली. तिला हात लावायचा नाही. बाकी सगळी मापं तिच्यावरून तपासायची. "काहीतरी एक जागेवर पाहिजे रे. नाहीतर बाकीचं हललं हे कळणार कसं?"

"पण अण्णा, ती पट्टी तरी झिजत असेलच ना?"

"म्हणून तर अधूनमधून तिला पण तपासतात."

"कशाने?"

अण्णांनी चहाच्या कपात बघितलं. "दुसऱ्या पट्टीने," ते म्हणाले आणि आत गेले. लगेच पुन्हा बाहेर आले. "ऐक. ती थांबली, थांबू दे. मी थांबलो नाही. आपण दोघं करू."

"आपण?"

"मग काय तो सुरवंट करणार?"

तर अशा प्रकारे त्या घराच्या स्वयंपाकघराचा ताबा दोन पुरुषांकडे आला. अक्कांनी काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते ठरवल्याचं त्या हॉलमधून मोठ्याने सांगत होत्या. "मी काही बोलणार नाही हं. मला काय करायचंय."

साचे धुवायचं काम माझ्याकडे होतं. वर्षभर फडक्यात बांधून ठेवलेल्या लाकडावर धूळ होती, खाचांत जुनी साखर होती. मी सगळ्या दोऱ्या सोडल्या, सगळे भाग एका मोठ्या टबात घातले, वर भांडी घासायचा साबण आणि कडकडीत पाणी ओतलं आणि ब्रशने असे घासले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग गच्चीवर उन्हात ओळीने वाळत घातले. अण्णा वर आले, त्यांनी ओळीकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"गरम पाणी?"

"स्वच्छ निघाले बघा."

"लाकूड आहे ते. वाकतं. थंड पाण्यात भिजवून ठेवायचं असतं, म्हणजे साखर चिकटत नाही." मग त्यांनी डोळे उघडले. "आणि कुठला भाग कुठल्याचा जोडीदार?"

हे मी बघितलं नव्हतं. सगळे बाहेरून सारखेच चौकोनी. आत डोकावून लावायचे म्हटलं तर खाचा झिजलेल्या. हत्तीची सोंड आणि पोपटाची शेपटी उलट्या बाजूने बघितल्या तर फारशा वेगळ्या नसतात, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. अण्णांनी कारखान्यातलं जुनं माप काढलं, चष्म्यावर चष्मा लावला आणि दुपारभर एकेक भाग दुसऱ्याला लावून बघितला. हॉलमधून आवाज आला, "मी बोलणार नाही, पण जोड्या जुळवताहात की लग्नं?" बरेचसे जुळले. काही वाकल्यामुळे मूळ जोडीदाराशी बसेनात, पण दुसऱ्याशी अगदी फट न राहता बसले. अण्णा मापाचे भक्त. जे बसलं ते त्यांनी बांधलं.

पाकाची गंमत त्याहून मोठी. साखर पाण्यात विरघळवायची, थोडं दूध घालून मळी काढायची, फडक्यातून गाळायची, पुन्हा उकळवायची आणि ढवळत राहायचं. मग एक क्षण येतो. आतापर्यंत काचेसारखा असलेला पाक कडेला किंचित धूसर होतो, जणू त्याला काहीतरी आठवतंय. त्याच क्षणी ओतायचा. आधी ओतला तर साच्यात नुसता चिकट राहतो. जरा उशीर झाला की पाक पुढे जातो, म्हणजे पातेल्यातच आळून खरखरीत होतो. अण्णांना तो क्षण आकड्यात हवा होता. ते पाकात थर्मामीटर धरून उभे होते, घामाने डबडबलेले, आणि मी हातात साचा घेऊन. पहिला पाक थर्मामीटर पुसताना पुढे गेला. दुसरा आधी ओतला. तिसऱ्या वेळी अण्णांनी थर्मामीटर ओट्यावर ठेवलं आणि पाकाकडे नुसतं बघायला लागले. हॉलमधला टीव्ही बंद झाला होता. अक्का दारापर्यंत येऊन परत गेल्याचं मला चाहुलीवरून कळलं. अण्णांना कळलं की नाही, माहीत नाही.

"ओत... ओतू?" त्यांनी मला विचारलं, जणू मला माहीत होतं.

"ओता!" मी म्हणालो, जणू मला माहीत होतं.

ते बऱ्यापैकी जमले. पुढचे त्याहून बरे. मला आठवतं, साचा उघडायची वाट बघताना मी अण्णांना म्हटलं होतं, "काय गंमत आहे. साखर घेतली, विरघळवली, उकळवली, गाळली, आणि शेवटी काय झालं? साखर."

"हत्ती झाला," अण्णा म्हणाले.

"साखरेचाच ना?"

"ऑफिसात तुम्ही काय वेगळं करता?"



साचे उघडले. पहिला रथ सुंदर. कलश सुंदर. तिसरा साचा उघडला तर एका बाजूने हत्ती, शांत, सोंड खाली. उलटा करून बघितला तर पोपट. चोच मिटलेली, शेपटी हत्तीच्या मागच्या पायात विरघळलेली. पुढच्यात एका बाजूने कोंबडा आणि दुसऱ्या बाजूने तुळशीवृंदावन. अण्णांनी जे मापात बसलं ते बांधलं होतं.

मला हसू आवरेना. अण्णांना हसू येत नव्हतं. त्यांनी तो प्राणी हातात घेतला, हत्तीच्या बाजूला बोट फिरवलं. पोटावर रेघ होती. "तिला कळेल," ते म्हणाले.

"त्यांना तर सगळंच कळलंय. भिंत पातळ आहे."

संक्रांतीच्या सकाळी अक्का नवी साडी नेसल्या, देवाला गेल्या, आल्या, आणि झोपाळ्यावर बसल्या. ताट त्यांनी उचललं नाही. त्यांची मुलगी हुबळीला सासरी. ताट नेणार कोण? हा प्रश्न आम्हा दोघांना आदल्या दिवसापर्यंत पडलाच नव्हता. अच्चे करण्याच्या नादात ते घरोघर जायचे असतात हे आम्ही विसरलो होतो. आणि ताट न्यायचं ते बायकांनी. त्या गल्लीत कुणाच्याही आठवणीत पुरुष ताट घेऊन फिरला नव्हता.

अण्णा आत गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. ताटावर विणलेला रुमाल टाकला, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मला म्हणाले, "पिशवी घे."

पहिल्या घराशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो, कारण ताट दोन्ही हातांत असल्यामुळे अण्णांना बेल वाजवता येत नव्हती आणि मला वाटलं ते धीर एकवटतायत. शेवटी मीच वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी आधी अण्णांकडे, मग माझ्याकडे, मग आमच्या मागे अक्का दिसतायत का ते पाहिलं.

"अक्का बऱ्या आहेत ना?"

"छान आहे. यंदा मी आलोय," अण्णा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

बाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि तिथेच अडल्या. बाईमाणूस असतं तर कुंकू लावलं असतं. या गृहस्थाचं काय करायचं? त्या कोयरी पुढे करून थांबल्या. अण्णांनी ताट मला दिलं, करंगळी बुडवली आणि स्वतःच्या कपाळावर टिळा ओढला, किंचित वाकडा. मग बाईंनी माझ्यापुढे कोयरी धरली. माझ्या हातात ताट. मी कपाळ पुढे केलं. त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी मला लावून टाकलं.

पुढच्या घरापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. कोपऱ्यावरच्या घरात, जिथून तो हत्ती परत आला होता, तिथल्या मुलीने रुमालाखाली डोकावून एक अच्चू उचलला, उलटसुलट केला आणि ओरडली, "अम्मा, हे काय बघ! इकडून हत्ती आणि इकडून पोपट!" तिच्या आईने अण्णांकडे पाहिलं.

"कारखान्यात असं झालं असतं तर मी परत पाठवलं असतं," अण्णा म्हणाले.

"परत नाही द्यायचं," मुलगी म्हणाली आणि पोपटाचं डोकं कडकन चावलं.

अण्णा तिथून निघाले तेव्हा त्यांची चाल जरा वेगळी होती. मी उगाच भर घालत नाही. मी नेहमी भर घालतो, पण इथे नाही.

गल्ली संपली. ताटात शेवटचा वाटा उरला होता. अण्णा आमच्या दाराशी आले. दार उघडंच होतं, अक्का समोर झोपाळ्यावर. अण्णा आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि माझ्याकडे बघून मानेने खुणावलं. मी बेल वाजवली.

अक्का उठल्या. आपल्याच घरात त्यांना संक्रांतीचं ताट नवऱ्याच्या हातून कधी आलं नव्हतं. देणाऱ्या नेहमी त्याच. एक क्षण त्या पदर कुठल्या खांद्यावर घ्यायचा हेच विसरल्यासारख्या झाल्या. मग आतून कोयरी आणली, अण्णांच्या कपाळावरचा वाकडा टिळा पाहिला, तो अंगठ्याने पुसला आणि सरळ लावला. ताटातून त्यांनी तीळगूळ घेतला नाही, अच्चू घेतला. उजेडात धरला. एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या बाजूने. पोटावरच्या रेघेवर बोट टेकलं. मी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा होतो. आता काही बोलायचं नाही एवढी एक गोष्ट मला त्या आठवड्यात पक्की कळली होती.

अक्कांनी सोंडेचा टोकाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. चघळला.

"पाक पुढे गेलाय," त्या म्हणाल्या.

"हो," अण्णा म्हणाले.

"थर्मामीटर काय लावता, त्याला ताप आला होता का?" त्यांनी ताट अण्णांच्या हातातून घेतलं, मनगट दुखत होतं म्हणून दुसऱ्या हातात बदललं आणि आत वळता वळता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्हीच ओता. साचा मी धरते."